कुठेच न जाणाऱ्या बारा सायकली

सायकल स्टँडवर एका जागेत दोन सायकली राहतात. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, त्यांना वाटतं पोरगी फेकतेय. फेकत नाहीये हो! मुलुंड पश्चिमेला स्टेशनच्या जिन्याला लागून पत्र्याचं छप्पर आहे ना, ज्याच्याखालून तुम्ही नाकाला रुमाल लावून जाता कारण शेजारी मुतारी आहे, ते आमचं स्टँड. एकशेचाळीस जागा आणि पासवाल्या सायकली दोनशे साठ. बसवा बघू! मी बसवते. रोज.

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारे गोखले सर आमचेच गिऱ्हाईक. सायकल देता देता म्हणाले, "शैला, कामावर लिही काहीतरी. पण जन्मापासून सुरू करू नकोस." नाही करत सर. मी चोवीस वर्षांची आहे, जन्म काही फार लांब नाहीये, पण नाही करत. एवढंच सांगते की बाबा गिरणीत होते, संपानंतर गिरणी गेली, मग हे स्टँड चालवायला मिळालं. गिरणीतल्या कापसाने त्यांची छाती धरलेली. सायकली उचलल्या की धाप लागते. म्हणून ते केबिनमध्ये बसतात आणि सायकली मी हलवते. केबिनमध्ये एक जुना मराठी टाइपरायटर आहे, स्टेशन रोडवरचा टायपिंग क्लास बंद झाला तेव्हा घेतलेला. पास मी त्याच्यावर टाइप करते. माझा स्पीड विचारू नका, अख्ख्या क्लासमध्ये पहिली होते. (हेसुद्धा त्याच्यावरच टाइप करतेय, आणि मधूनच उठून सायकली देतेय, म्हणून कुठे गाडी घसरली तर सांभाळून घ्या.)

तर दोन सायकलींचं गणित. आमच्याकडे दिवसवाले असतात आणि रातवाले असतात. दिवसवाले म्हणजे मुलुंडचे. डोंगराच्या पायथ्याकडून, चेकनाक्याकडून सकाळी सायकलवर येतात, ती आमच्याकडे टाकतात आणि गाडी पकडून कामाला जातात. त्यांची सायकल दिवसभर आमच्याकडे झोपते. रातवाले उलटे. ते राहतात डोंबिवलीला, कळव्याला, आणि कामाला येतात आपल्या आग्रा रोडवरच्या कारखान्यांत. सकाळी गाडीतून उतरले की आमच्याकडची सायकल घेऊन कारखान्यात जातात, संध्याकाळी परत आणून ठेवतात. त्यांची सायकल रात्री झोपते. म्हणजे सकाळी रातवाल्याची निघाली की त्याच जागी दिवसवाल्याची. साडेसात ते नऊ नुसती अदलाबदल! एक सायकल बाहेर, एक आत, एक बाहेर, एक आत. त्या दीड तासात मी चहासुद्धा पीत नाही.

दुसरी गोष्ट कुलुपाची. आमच्याकडे सायकलला कुलूप लावायचं नाही. नवीन माणूस भांडतो, "अहो पण चोरीला गेली तर?" पण कुलूप लावलं तर मी ती हलवणार कशी? सायकलला पत्र्याचा बिल्ला अडकवायचा, त्याच नंबरचा दुसरा बिल्ला मालकाच्या खिशात. बिल्ला दाखवा, सायकल घ्या. आणि खरं सांगू, बिल्ला नसला तरी मला कळतं. कुणाची घंटी कशी, कुणाची चेन कुठे किरकिरते, कुणाच्या सीटखाली पिशवीचा तुकडा कोंबलाय, सगळं पाठ.

तिसरी गोष्ट रांगांची. कोण आधी आलं याला आमच्याकडे किंमत नाही. कोण आधी परत जाणार, त्याला किंमत! लवकर परतणारे पुढे, उशिराचे मागे. आणि ज्याच्या वेळेचा पत्ताच नाही, म्हणजे विम्याचे एजंट, कंपाउंडर, असे कधीही उगवणारे, ते एकदम पुढच्या रांगेत. अधू माणूस, पोटुशी बाई, तेही पुढच्या रांगेत. ही पद्धत बाबांनी बसवली. कुठे लिहिलेली नाही, पण मुलुंडात कुणी मोडत नाही. पासावर म्हणून चार रकाने: नाव, सायकलची खूण, जायची वेळ, यायची वेळ.

गिऱ्हाईकं काय एकेक! एक बाई रोज सायकल ठेवताना तिच्या हँडलवर हात ठेवून बोलायच्या, "येते हं." माझ्याशी नाही, सायकलशी. एक साहेब होते, त्यांच्या मिसेस संध्याकाळी भाजी घ्यायच्या निमित्ताने येऊन विचारायच्या, "ह्यांची सायकल आहे का गं अजून? म्हणजे ऑफिसातच आहेत." एकदा साहेब हळूच येऊन मला म्हणाले, "शैला, उद्या मी दुपारीच सायकल नेली तरी आहे म्हणून सांगशील का?" मी म्हटलं, "साहेब, मिसेसनी विचारलं तर नेली असंच सांगेन." दुसऱ्या दिवशी सायकल आमच्याकडे ठेवून रिक्षाने गेले!

आता मुख्य गोष्ट. चूक माझीच होती. आणि चूक झाली माझ्या स्पीडमुळे.

एक दिवस दुपारी रमणीकभाई आले. स्टेशन रोडवर त्यांचं केसांच्या तेलाचं दुकान, तेल घरचंच, नाव घनकेशा. सफारी सूट, अत्तराचा वास, आणि डोक्यावर असे दाट काळेभोर केस की आपण बघतच राहावं.

"बेन, बारा पास बनवून द्या ने. तीन महिन्याचे."

"बारा? नावं सांगा."

"बधा आपलेच माणस छे. माझंच नाव घाला."

"जायची यायची वेळ?"

"वेळेचं काय नक्की नाय. कधी पण."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, दुकानाचे बारा फेरीवाले आहेत, घरोघरी तेल विकायला फिरणार. बारा पास एकदम, म्हणजे झकासच! मशीनवर कागद चढवला आणि धडाधड बारा पास बडवले. वेळेचे दोन्ही रकाने कोरे. पंधरा मिनिटं पण नाही लागली. रमणीकभाई म्हणाले, "वाह बेन, मशीन छे के मशीनगन?" मी तर हवेत!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला टेम्पो आला. टेम्पोतून बारा सायकली उतरल्या. जुन्या भंगारातल्या, वरून ताजा लाल रंग मारलेला. प्रत्येकीच्या दांड्यांमधल्या त्रिकोणात पिवळा पत्रा: 'घनकेशा तेल. टक्कल पडतंय? पंधरा दिवसांत फरक पहा!' आणि कॅरियरवर अजून एक उभा पत्रा, त्यावर गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई. बारा बायका ओळीने!

मी टेम्पोवाल्याला विचारलं, "दादा, ह्या चालवणारे कुठायत?"

"चालवायच्या नाहीत ताई. उभ्या करायच्या."

आणि त्याने काय केलं, आमच्या पद्धतीप्रमाणे, म्हणजे वेळ कोरी तर पुढची रांग, त्या बाराच्या बारा पुढच्या रांगेत लावल्या आणि सगळ्यांच्या चाकांतून एक लांबलचक साखळी ओवून कठड्याला कुलूप ठोकलं. स्टेशनातून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बरोब्बर डोळ्यांसमोर.

वाट लागली यार. बारा जागा म्हणजे बारा सायकली नाहीत हो, चोवीस! ह्या सायकली ना सकाळी बाहेर जाणार, ना संध्याकाळी. शिवाय पुढची रांग अडली की मागच्या सायकली काढायच्या कुठून? मी एकेक सायकल डोक्यावर घेतल्यासारखी उचलून काढत होते. लोक ओरडत होते, "शैले, गाडी चुकतेय!" "ही तेलवाली बाई बाजूला कर ना!" मी साखळी ओढतेय, साखळी हलत नाही. मग बारा-पंधरा लोकांना सांगावं लागलं, सध्या बाहेर भिंतीला लावा, जागा झाली की मी आत घेते.

बाबांना म्हटलं, कुलूप लावायचंच नाही ना इथे, आपण तोडू. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "पास दिलंस मां तू?"

"दिले. पण त्याने फसवलं आपल्याला!"

"फसवूक नाय तेणा. वेळ नक्की नाय म्हणान सांगल्यान, तू कोरी सोडलंस. कुलपाचो नियम पासार खंय लिवलेलो आसा? दिल्लो पास माघारी घेवचो नाय, बाय. आज तेचो घेतलंव तर उद्या आपल्या पासाक कोण विचारीत?"

मला इतका राग आला!

आता जाधवकाकांबद्दल सांगते. जाधवकाका डोंगराच्या पायथ्याशी बौद्धवाडीत राहतात. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय आखूड आणि बारीक. त्यांनी स्वतः सायकलच्या डाव्या पॅडलवर लाकडाचा ठोकळा बोल्टने बसवलेला, त्याच्यावर पाय पोचायचा. चालताना ज्यांना त्रास होतो ते काका सायकलवर असे सुसाट यायचे की पोरं बाजूला व्हायची. "जय भीम, परबसाहेब!" असं केबिनकडे ओरडून, सायकल माझ्याकडे ढकलून आठ सतराची गाडी पकडायचे. सँडहर्स्ट रोडला एका गोदामात टाइमकीपर. कामगारांच्या वेळा लिहायचं काम, म्हणून स्वतःला उशीर चालत नाही. आणि ते टेंपररी होते. सहा वर्षं टेंपररी! दसऱ्याच्या आधी कायम करायच्या लोकांची यादी लागणार होती, त्यात त्यांचं नाव जायचं होतं. अट एकच, तीन लेट मार्क झाले की नाव कटणार. एक लेट मार्क मुलीच्या तापामुळे आधीच पडलेला.

सायकली आल्या त्याच्या चौथ्या दिवशीची गोष्ट. पुढच्या रांगेत काकांची जी जागा, तिथे तेलवाली बाई केस सोडून उभी. मी म्हटलं, "काका, भिंतीला लावा, पाच मिनिटांत आत घेते, माझ्या भरवशावर." काका म्हणाले, "तुझ्या भरवशावर नाही तर कुणाच्या?" आणि लंगडत जिन्याकडे गेले.

पाच मिनिटांत जागा झाली. पण तेवढ्यात एक माणूस पास करायला आला, मी मशीनवर बसले, मग दुसरा आला, मी म्हटलं हे दोन पटकन करून टाकते. पटकन! माझा जीव सगळा त्या पटकनमध्ये. बाहेर आले तर भिंतीला सायकल नाही.

आख्खा स्टेशन रोड पालथा घातला. फळवाल्याला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं, चेकनाक्यापर्यंत धावत गेले. चौकीत तक्रार दिली. हवालदार म्हणाला, "रंग?" मी म्हटलं, "काळा." तो म्हणाला, "ताई, मुलुंडात सगळ्या काळ्याच आहेत." मी म्हटलं, "डाव्या पॅडलला ठोकळा आहे!" त्याने ते लिहून घेतलं, पण पेनाने कान खाजवत.

संध्याकाळी काका आले. हात पुढे केला. बिल्ला त्यांच्या तळहातावर आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. आमच्या स्टँडवर असं कधी झालं नव्हतं. बाबा केबिनमधून उठून बाहेर आले आणि माझ्या बाजूला उभे राहिले, तेवढं बरं वाटलं.

मी सांगितलं. काका ओरडले नाहीत. ओरडायला पाहिजे होतं. बिल्ला खिशात परत ठेवला आणि म्हणाले, "उद्याचं काय ते बोल, शैला. उद्या मी कसा येऊ?"

दुसऱ्या दिवशी ते चालत निघाले, पहाटेच. वाटेत पाय इतका भरला की दोनदा बसावं लागलं. आठ सतरा गेली. दुसरा लेट मार्क! आता एकच उरला. तुम्ही म्हणाल, भाड्याची सायकल घ्यायची. भाड्याच्या सायकलचं पॅडल काढून ठोकळा कोण बसवू देणार? मी तीन दुकानांत विचारलं, तिघांनी हाकललं. शेवटी त्यांच्या वाडीतल्या एकाने डबलसीट आणायचं कबूल केलं, पण शनिवारपर्यंतच, सोमवारपासून त्याची रात्रपाळी. म्हणजे माझ्याकडे चार दिवस.

मी रमणीकभाईंच्या दुकानात गेले, तावातावाने. "तुमच्या सायकलींमुळे एका माणसाची नोकरी जाईल!"

"बेन, मी कोणाची सायकल चोरी केली?" शांतपणे म्हणाले. "पास छे ने माझ्याकडे? तुमच्या हाताने टाइप केलेला?"

पास काढून काउंटरवर ठेवले. बाराच्या बारा. आणि मी बघतच राहिले त्या कोऱ्या रकान्यांकडे. जायची वेळ, यायची वेळ. कोरं. त्यांनी चार लोकांत माझी लाज काढली असती तरी एवढं लागलं नसतं. माझंच टायपिंग, एकही चूक नाही, आणि पास अर्धवट.

पण तिथेच, काउंटरपाशी उभी असताना, डोक्यात काहीतरी लकाकलं. मी म्हटलं, "रमणीकभाई, तेलाचा खप किती वाढला?"

ते जरा चपापले. "वाढशे. टाइम लागे."

"नाही वाढणार. सांगू का? त्या सायकली रोज तेच लोक बघतात. आठ सतराचा माणूस रोज आठ सतरालाच जातो. पहिल्या दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशी शिवी दिली. आता तुमची बाई दिसली की लोकांना तेल आठवत नाही, चुकलेली गाडी आठवते."

दुकानातला त्यांचा नोकर हसला आणि लगेच गप्प झाला.

"ह्या सायकली फिरवा," मी म्हटलं. "आमच्याकडे किती लोक गाडीतून उतरून कारखान्यापर्यंत चालत जातात, ज्यांच्याकडे सायकल नाही. त्यांना चालवायला द्या. सकाळी आठला निघतील, आग्रा रोडवरून भांडुपपर्यंत जातील, कारखान्याच्या गेटवर दिवसभर उभ्या राहतील, संध्याकाळी परत. अख्खा आग्रा रोड बघेल! रात्री आमच्या स्टँडवर झोपतील. पास तेच. फक्त रकाने भरते मी."

म्हणजे बघा ना, दिवसा न हलणाऱ्या सायकलींना मी रातवाल्या केलं! मला स्वतःलाच इतका आनंद झाला की मी काउंटरवर हात आपटला.

रमणीकभाईंनी केसांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चेन नाय, टायर नाय, बधूच करावं लागशे."

"समोरचा सायकलवाला करेल. बाबांच्या ओळखीचा."

"अने एक शर्त. अकरा फिरवा. एक तरी दिवसभर तिथे पुढे उभी राहायला पाहिजे. स्टेशनवाल्यांनी पण बघायला पाहिजे ने?"

मी म्हटलं, "चालेल! एक दिवसवाल्याला देते." आणि तो दिवसवाला कोण, ते माझं ठरलेलं होतं.

शनिवार-रविवार दोन दिवस नुसता धिंगाणा. सायकलवाल्याने चेन, टायर, ब्रेक बसवले. अकरा कामगार मी स्वतः निवडले, ज्यांना मी रोज चालत जाताना बघत होते. त्यात एक सावंत म्हणून होता, तो म्हणाला, "ताई, केसवाली बाई मागे बसवून फिरलो तर बायको घरात घेईल काय?" पण सायकलवर टांग आधी त्यानेच मारली. बाराव्या सायकलच्या डाव्या पॅडलवर सुताराकडून ठोकळा बसवून घेतला. रविवारी संध्याकाळी मी ती ढकलत बौद्धवाडीत नेली. सगळे पास नव्याने टाइप केले, एकेक नाव विचारून, एकेक वेळ विचारून, हळू. बाबा केबिनमध्ये बघत होते. म्हणाले, "आज मशीनगन बिघाडली काय गो?"

सोमवारी काकांनी आठ सतरा पकडली. मंगळवारी पकडली. पुढची रांग मोकळी, मी परत सायकली नाचवतेय, एक बाहेर एक आत. मला वाटलं संपलं, जिंकलो!

पण बुधवारी दिसलं मला, जे आधी दिसायला पाहिजे होतं. काका रोज पांढरी टोपी घालून यायचे. त्या दिवशी उकडत होतं म्हणून टोपी खिशात. आणि काका आहेत टकले. म्हणजे थोडेबहुत नाही, पूर्ण, चकचकीत, वरून ऊन मारत होतं. आणि त्याच्याखाली पिवळा पत्रा: 'टक्कल पडतंय? पंधरा दिवसांत फरक पहा!'

रिक्षावाल्यांनी काय उच्छाद मांडला! "काका, कितवा दिवस?" "काका, तेल उलटं लावलं वाटतं!" फळवाला ओरडला, "फरक पडला रे, पडला, आधी एक केस होता!" काकाही हसले, घंटी वाजवली आणि सुसाट आत आले. मला पण हसू आवरेना.

संध्याकाळी रमणीकभाई हजर. घामाघूम. "बेन, हे काय केलं? अख्खा मुलुंड हसते मला! दुकानात पोरगा येऊन विचारते, टकला होण्याचं तेल छे का? मी सायकल घेऊन जातो. आत्ताच."

"त्यांना त्याच सायकलने कामाला जायचंय, रमणीकभाई. एक लेट मार्क उरलाय फक्त."

"तो दुसरा माणूस द्या ने. केसवाला."

तेवढ्यात काका जिना उतरून आले. त्यांनी ऐकलं होतं सगळं.

"केसवाला कशाला?" काका म्हणाले. "पॅडलला ठोकळा आहे. केसवाला पाय मारेल काय त्याच्यावर?"

"मग टोपी घाला ने भाई. रोज. प्लीज."

"उकडलं तर काढणार. डोकं माझं आहे."

लोक गोळा झाले. गाडी नुकतीच येऊन गेलेली, प्रत्येकजण सायकल न्यायला आलेला, पण कोणी निघेना. रमणीकभाईंनी सायकलचं हँडल धरलं, काकांनी सीट धरली. मला वाटलं आता काहीतरी वाईट होणार. आणि मग केबिनच्या खिडकीतून बाबांचा आवाज आला, धाप लागलेला, पण खणखणीत.

"ओ शेट, भांडतास कित्याक? तेंका एक बाटली तेल द्या. हयच, ह्या स्टँडार रोज सगळ्यांच्या समोर लावंदेत. पंधरा दिवसांत फरक म्हणतास मां? केस इले तर फोटो काढा नि पत्र्यार लावा. ह्येच्यापरीस बरी जाहिरात खंयची?"

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळे!

काकांनी हात पुढे केला. "द्या बाटली. मी तयार आहे. जिन्यासमोर उभा राहून लावतो. माझा काय, एक केस आला तरी फायदाच."

"मी मोजणार!" रिक्षावाला ओरडला. "रोज मी मोजणार!"

रमणीकभाईंनी काकांच्या डोक्याकडे पाहिलं. वर, मागे, दोन्ही बाजूंनी पाहिलं, असं बारकाईने, जसं बाजारात भोपळा बघतात. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या माणसाला त्याच्या तेलाबद्दल जेवढं माहीत होतं, तेवढं आमच्यातल्या कुणालाच नव्हतं.

मग त्यांनी समोरच्या सायकलवाल्याकडून पाना मागवला. खाली बसले, सफारी सूटसकट, आणि स्वतःच्या हाताने त्रिकोणातल्या पत्र्याचे चारही बोल्ट काढले. मग कॅरियरवरच्या बाईचे. दोन्ही पत्रे काखेत मारले आणि काकांना म्हणाले, "भाई, सायकल तुमची. लई जाव. कायमची. पण कोणी विचारलं तर सांगू नका कोणाची होती."

"अहो, पण तुमची एक दिवसा उभी राहायला पाहिजे होती ना?" मी म्हटलं. (मला गप्प बसता येत नाही, हा माझा प्रॉब्लेम आहे.)

"अकरा बस छे, बेन," ते म्हणाले. "अकरा बस छे." आणि पुढच्या महिन्यात खरंच त्यांच्या दुकानात भांडुपची गिऱ्हाईकं यायला लागली, हे त्यांनीच मला मागाहून सांगितलं. माणूस वाईट नाही. फक्त त्याने सायकली उभ्या केल्या होत्या, आणि सायकल काय उभी राहायची वस्तू आहे?

आता खरं सांगायचं तर मला ह्या सगळ्याचा अभिमान आहे. खूप आहे. एकशेचाळीस जागांत दोनशे साठ सायकली आम्ही परत बसवल्या, कुणाचाही पास न मोडता, कुणाचं कुलूप न तोडता. पण काकांची ती जुनी सायकल मिळाली नाही. त्या सायकलवर त्यांनी लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा चैत्यभूमीला नेलं होतं, मुलुंडवरून थेट दादरला, हे त्यांनी मला नंतर कधीतरी सहज सांगितलं. असं सहज सांगितलेलं जास्त लागतं. आता मी पासचं काम सकाळी करतच नाही. नऊच्या आधी मशीनवर कापड असतं. येऊ दे कोण येतो ते, थांबेल.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, ज्या दिवशी यादी लागायची होती, त्या सकाळी मी साडेसातपासून रस्त्याकडे डोळे लावून होते. आठ वाजले. आठ दहा. काका नाहीत. आठ चौदाला कोपऱ्यावरून घंटी ऐकू आली, एकसारखी, थांबतच नाही. रिक्षावाले बाजूला झाले. काका आले, टोपी नाही, घाम डोक्यावरून ओघळतोय, पत्र्याशिवायची लाल सायकल नुसती उडतेय. मला वाटलं थांबतील, काहीतरी बोलतील, मी तर "ऑल द बेस्ट" म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"धर गं, बघतेस काय!" म्हणून ओरडले, सायकल माझ्या अंगावर ढकलली आणि जिना चढायला लागले. बिल्लासुद्धा घेतला नाही.

मी हँडल घट्ट धरून उभी राहिले, गाडी सुटल्याचा भोंगा वाजेपर्यंत. काका परत खाली आले नाहीत. मग सायकल उचलली आणि पुढच्या रांगेत लावली.